उगीच कशाला काळजी

गेल्या वर्षावासात आम्हाला दोन वेळा रिठदला जाण्याचा प्रसंग आला. वाशीम-रिसोड रस्त्यावरचे हे गाव. आषाढ पौर्णिमेपासून विहारात रात्री 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. सोयाबीनमध्ये निंदणाचे दिवस. दिवसभर वाकून बायांच्या कमरा धरलेल्या, तरी आठ वाजले की हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून एकेक जण येऊन बसते. पुरुष मागे भिंतीला टेकून बसतात. लहान मुले त्रिसरण-पंचशील होईपर्यंत जागी असतात, पुढे आईच्या मांडीवर लवंडतात. वाचायला बारावीतली एक मुलगी होती. तिचे वाचन इतके स्वच्छ की आम्हाला समजावून सांगायला फारसे काही उरत नव्हते.

त्या रात्री पती-पत्नींविषयीचा भाग निघाला. मथुरा आणि वेरंजा यांच्या दरम्यान, रस्त्याकडेच्या झाडाखाली भगवान बसले होते. वाटेने चाललेले गृहस्थ आणि त्यांच्या बायका त्यांच्याजवळ आल्या, तेव्हा त्यांनी नवरा-बायकोच्या एकत्र राहण्याचे चार प्रकार सांगितले. दोघेही दुर्वर्तनी. नवरा दुर्वर्तनी आणि बायको सदाचारी. नवरा सदाचारी आणि बायको दुर्वर्तनी. आणि दोघेही सदाचारी. चोरी, खोटे बोलणे, नशा, घालूनपाडून बोलणे या दुर्वर्तनाच्या खुणा. मूळ पालीत दुर्वर्तनी माणसासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ मढे असा होतो, एवढे आम्ही वर जोडले आणि काही शंका असल्यास विचारा म्हणालो.

पन्नाशीच्या आसपासची एक बाई उठली. म्हणाली, "भाऊ, आमी दोघंबी वंगाळ नाही. आमच्या घरचे दारू पेत नाहीत, हात उचलत नाहीत. म्या बी कधी उलटून बोलली नाही. तरी घरात दोघं असून एकटंच वाटते. हे या चारीत कुठी बसते?"

थोडे हसू उसळले. ती हसली नाही. तिचे घरधनी त्या वेळी मागच्या भिंतीला टेकूनच बसले होते, हे आम्हाला नंतर कळले.

आम्ही काहीतरी उत्तर दिले. मैत्री, करुणा, समंजसपणा असे दोन-चार मोठे शब्द वापरले. बाई "बरं" म्हणून खाली बसली. रात्री मुक्कामाला अंथरुणावर पडलो तेव्हा आमचे आम्हालाच लाजल्यासारखे झाले. तिने विचारले एक आणि आम्ही सांगितले भलतेच.

समाजात नवरा-बायकोचे बिनसले असे आपण केव्हा म्हणतो? भांडी आदळल्याचा आवाज शेजारी गेला की. बाई लेकरू काखेत घेऊन माहेरी निघाली की. मग चार शहाणी माणसे बसतात, समजूत घालतात, कधी घर सावरते, कधी मोडते. पण ज्या घरातून आवाजच येत नाही त्या घराकडे कोणी बघत नाही. उलट सांगितले जाते, बघा, किती शांत घर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने चहाला बोलावले. दोघांना विचारून आणि काही तपशील बदलून आम्ही हे लिहीत आहोत. नावे अर्थातच देत नाही.

घर दोन खोल्यांचे. स्वच्छ सारवलेले अंगण, भिंतीवर बाबासाहेब आणि भगवान बुद्धांची तसबीर, खाली लेकीच्या लग्नातला फोटो. घरधनी ओसरीवर, बाई आत चुलीपाशी. चहा झाला तेव्हा तिने नातवाला हाक मारली, "आबाले सांग, चहा झाला." आबा सात-आठ पावलांवर बसलेले. त्यांनी नातवाला सांगितले, "आजीले म्हना, साखर कमी टाक." नातू आत आला आणि त्याने निरोप दिला. पाच वर्षांचे ते पोर म्हणजे त्या घराचे पोस्ट ऑफिस आहे हे आम्ही तेव्हाच ओळखले. ते दोघांना ठाऊक नव्हते. रोजचेच झाले की दिसत नाही.

हकिकत साधीच आहे. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती आपलीच वाटेल. शेत दोन एकर, कोरडवाहू. लग्नानंतर पाच-सहा वर्षे दोघे मिळून कामाला जात. मग घरधनी पुण्याला गेले. आधी बांधकामावर, पुढे एका इमारतीत वॉचमन. बावीस वर्षे. वर्षातून तीनदा गावी यायचे, एप्रिलमध्ये जयंतीला, सोयाबीनच्या काढणीला, आणि मधे कोणाचे लग्न-मयत निघाले तर. इकडे बाईने सासू सांभाळली, दोन लेकरे शिकवली, शेत बघितले. बचत गट सुरू झाला तेव्हा सातवी शिकलेली म्हणून तिला सचिव केले. आता बँकेत मॅनेजरसमोर खुर्चीवर बसून बोलते. घरधनी थकले, लेकीचे लग्न उरकले, तेव्हा दीड वर्षापूर्वी कायमचे घरी आले.

सुरुवातीला पैसे मनिऑर्डरने यायचे. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, त्या फॉर्मच्या तळाशी निरोप लिहायला थोडी जागा असायची. पैसे मिळाल्यावर तेवढा तुकडा घेणाऱ्याला मिळे. घरधनी त्यात बारीक अक्षरात लिहीत. आईच्या गुडघ्याला तेल लाव. पोरीला शाळेत घाल. पाऊस आला का? इथे आज खोलीत पाणी शिरले. बाईने ते सगळे तुकडे डालड्याच्या डब्यात जपून ठेवले आहेत, आम्ही डोळ्यांनी पाहिले. पुढे बँकेत खाते झाले. मग मोबाइलवर पैसे येऊ लागले. फोन तर रोज व्हायचा. पण काय बोलणे? "पैसे आले का?" "आले." "बरं हाये ना समदं?" "बरं हाये." मनिऑर्डरच्या दोन इंच जागेत जेवढे मावत होते तेवढेही फोनवर उरले नाही. गंमत म्हणायची की काय, आम्हाला सांगता येत नाही.

चहा पिता पिता बाईने सहज सांगितले, चार वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली. भाऊ सोबत होता. घरधन्यांना आठ दिवसांनी कळवले.

आम्ही विचारले, "आठ दिवसांनी का?"

"उगीच कशाला काळजी? त्याहिची रातपाळी. धा तासाचा रस्ता. येऊन काय करतील, अन् रोज बुडते ते येगळंच."

हे ती अभिमानाने सांगत होती. आणि अभिमान वाटावा असेच ते आहे. आपल्या बायांनी असेच दिवस काढले.

एस.टी.ची वाट बघत फाट्यावर उभे होतो तर घरधनी स्वतःहून आले. बराच वेळ पावसाचे, सोयाबीनवरच्या अळीचे बोलले. मग म्हणाले, "काल तिनं इचारलं ते म्या ऐकलं. मले वाईट वाटलं नाही. पन भाऊ, मी घरी आलो खरा, घरात मले जागाच नाही राह्यली. जागा म्हंजे झोपाची नाही म्हनत. समदं तिलेच ठाऊक. मीठ कुठी हाय तेबी मले इचारा लागते. मी पाव्हना हावो."

आम्ही ऑपरेशनची गोष्ट काढली. ते गप्प झाले. म्हणाले, "फोन आला तवा म्या 'बरं' म्हनलं. दुसरं काय म्हननार? रातभर गेटवर बसून राह्यलो. आठ दिस झाले म्हने. आठ दिस मी रोज फोन करत होतो, अन् ती दवाखान्यातून 'बरं हाये' म्हनत होती."

एस.टी. आली. चढता चढता आम्हाला तिच्या प्रश्नाचे उत्तर थोडे दिसू लागले होते.

आमच्या कष्टकरी घरांत नवरा-बायको दुरावतात ते नेहमीच भांडणातून नव्हे. पुष्कळदा ते एकमेकांना जपण्यातून दुरावतात. "त्याला कशाला सांगायचे, आधीच दमलाय." "तिला कशाला सांगायचे, रात्रभर झोपणार नाही." पहिल्यांदा हे प्रेमाने होते. दुसऱ्यांदा सवयीने होते. दुःख सांगायचे नाही अशी सवय लागली की हळूहळू सुखही सांगितले जात नाही, कारण दोन्ही एकाच दाराने बाहेर पडतात. दहा-वीस वर्षांनी दोघे समोरासमोर बसतात तेव्हा एकमेकांविषयी त्यांना वीस वर्षांपूर्वीची माहिती असते. ज्या माणसाला आपले ऑपरेशन सांगितले नाही त्याला आज भाजीत मीठ जास्त झाले हे तरी कशाला सांगायचे?

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळलेले नाही. पतपेढीचे एक कर्ज आम्ही दोन वर्षे घरात सांगितले नव्हते. हप्ता थकल्याची नोटीस आली ती नेमकी आमच्या आयुष्मतींच्या हाती पडली. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या की दोन वर्षे तुम्ही रात्री का जागता हे मी डॉक्टरांना विचारणार होते. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

दुराव्याचे नाव निघाले की आपल्यापैकी पुष्कळ जण लगेच माता रमाईंचे उदाहरण देतात. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, तिथून लंडनला, १९१७ साली परतले. १९२० साली पुन्हा लंडनला गेले ते १९२३ पर्यंत. मागे रमाईंनी काय सोसले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. एकामागून एक लेकरे गेली, यशवंतराव तेवढे राहिले. हे सांगून आपण बायांना म्हणतो, बघा, रमाईंनी सोसले, तुम्हीही सोसा. इथे आमचा मतभेद आहे. गोष्टीचा अर्धाच भाग सांगायची ही आपली रीत बरी नाही. दुसरा अर्धा भाग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 'बहिष्कृत भारत' चालवताना ते पत्र कर्जात होते. मजकुराचे रकानेच्या रकाने एकट्याने लिहावे लागत. १९२८ सालच्या एका अग्रलेखात ते आपल्यावर कोणाचे काय ऋण आहे हे सांगतात आणि त्यात बायकोचेही ऋण सांगतात. आपण परदेशी असताना तिने संसाराचा भार उचलला, परत आल्यावरही आपल्या ओढगस्तीमुळे डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहिल्या, आणि अशा बाईच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला घालवता आला नाही, अशा अर्थाचे ते आहे. ते वर्तमानपत्र होते, घरातली चिठ्ठी नव्हे. विद्वान बॅरिस्टर, चळवळीचा नेता, हजारो माणसांसमोर सांगतो की मी घरी अर्धा तास देऊ शकलो नाही.

त्यामुळे ती वेळ परत आली असे नाही. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्यांच्या पश्चात निघालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केला, त्यात त्यांचा उल्लेख 'रामू' असाच आहे. आम्हाला वाटते, त्या दोघांमध्ये समुद्राएवढे अंतर पडले, पण दुरावा पडला नाही. कारण त्या अंतराचे नाव कोणीतरी घेतले होते. आपल्यातला किती जणांनी, वर्तमानपत्रात सोडा, चुलीपाशी बसून तरी हे म्हटले आहे, की तुला मी वेळ दिला नाही?

उलट उदाहरणही आपल्याच समाजातले आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे. नवरा-बायको मिळून छोटे दुकान चालवत. माल बांधायला जी रद्दी यायची तीच बेबीताई वाचत, आणि गिऱ्हाईक नसताना लिहीत. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघाले. आज ते देशोदेशी वाचले जाते. पण लिहिलेले कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून ठेवले होते, भीतीने. हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले, ते इंग्रजी भाषांतराबरोबर २००८ साली छापूनही आले. एका छपराखाली, एका गल्ल्यावर बसणारी दोन माणसे, आणि एकाच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम दुसऱ्याच्या गावीही नाही. ही केवळ बेबीताईंच्या घरची गोष्ट असती तर आम्ही काढली नसती.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांनी एम.ए. केले, कथा लिहिल्या, मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास गोळा केला. बायको अशी एकेक पायरी चढत गेली तसा घरात ताण कसा वाढत गेला, हे त्यांनी 'आयदान'मध्ये झाकून ठेवलेले नाही. आमच्या भगिनींनी ते पुस्तक वाचावेच. बांधवांनी आधी वाचावे.

कारण यातले एक कारण आज गावोगावी आहे. नवरा बाहेरगावी राबत असतो तेव्हा बायको गावात वाढते. ती गटात बोलते, बँकेत सही करते, लेकीच्या कॉलेजात जाऊन भांडते. नवरा ज्या बाईला सोडून गेला होता ती बाई त्याला परत आल्यावर भेटत नाही. आणि नवरा? तोही तो राहिलेला नसतो. पुण्यात वॉचमनच्या खोलीत तो स्वतःच्या हाताने भाकरी करायला शिकलेला असतो. आम्ही त्या घरधन्यांना विचारले, तुम्हाला स्वयंपाक येतो का? म्हणाले, "बावीस वर्सं कोन करत होतं?" बाईला हे माहीतच नव्हते! दीड वर्ष तो ओसरीवर बसून होता आणि ती एकटी चुलीपुढे. त्याला वाटे, तिचे राज्य आहे, आपण कसे जायचे. तिला वाटे, पुरुष माणूस, त्याला कशाला सांगायचे. तिथेही पुन्हा तेच, उगीच कशाला त्रास.

बाईच्या प्रश्नाला त्या रात्री ग्रंथात उत्तर सापडले नाही म्हणून घरी आल्यावर आम्ही थोडे वाचले. अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता अशा एका वयस्क जोडप्याची हकिकत आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरीजवळ राहणारी ही गृहस्थाश्रमी माणसे. पुढल्या जन्मीही एकत्र असावे अशी त्यांची इच्छा सांगितली आहे, ती आपण बाजूला ठेवू. आपल्याला या जन्माचे पाहायचे आहे.

नकुलपिता आजारी पडला, वाचेल असे दिसेना. नकुलमाता त्याच्या उशाशी बसली. अशा वेळी आपण काय म्हणतो? "काही होत नाही तुम्हाला, डोळे मिटून पडा." ती तसे म्हणाली नाही. ती म्हणाली, काळजी घेऊन जाऊ नका. आणि मग त्याच्या मनात कोणकोणत्या काळज्या असतील त्या तिने स्वतःच एकेक करून बोलून दाखवल्या. तुम्हाला वाटत असेल, माझ्यामागे ही लेकरे कशी पोसेल, घर कसे धरेल. तर मला कापसाचे सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मी घर चालवीन. तुम्हाला वाटत असेल, ही दुसरे घर करील. तर इतकी वर्षे आपण कसे राहिलो ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा सहा काळज्या. शील सोडेन की काय, धम्मात माझे पाऊल डळमळेल की काय, हेही त्यात होते. नवऱ्याच्या मनातले जे त्याने बोलायला हवे होते ते तिने बोलून टाकले. तो बरा झाला. काठी टेकत भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी हितचिंतक बायको लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

आम्हाला यात सगळ्यात मोलाचे वाटते ते कापसाचे सूत. आमच्या वऱ्हाडातल्या बाईने म्हणावे तसे ते आहे. मी कमावते, मला येते, तुम्ही त्या काळजीत राहू नका. आपले सामर्थ्य नवऱ्यापासून लपवायचे नाही आणि त्याच्या तोंडावर मारायचेही नाही, त्याच्या उशाशी ठेवायचे. आणि दुसरे असे की तिने काळजी झाकली नाही, उघडली. आपण मात्र झाकण्यालाच माया समजत आलो.

आता एक खुलासा. हे सारे लिहिले ते जिथे दोघेही नीट वागतात अशा घरांसाठी. जिथे मारहाण आहे, दारू आहे, दुसरा संसार आहे, तिथल्या बाईला "मोकळेपणाने बोला" असा सल्ला आम्ही देणार नाही. तिने कायद्याकडे जावे. आपल्या बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. पंचांसमोर स्टँपपेपरवर लिहून घेतलेली फारकत कोर्टात टिकेलच असे नाही, पुढे पोटगीला आणि मुलांच्या हक्काला अडचण येते. दोघांच्या संमतीने घटस्फोट १९७६ पासून मिळतो, त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पोटगीचे पूर्वीचे कलम १२५ होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करावा. हे मिळावे म्हणूनच तर बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले. घटस्फोट घेणाऱ्या बाईकडे आपल्या वस्तीत अजून वाकड्या नजरेने पाहिले जाते, हे त्या राजीनाम्याला शोभत नाही.

अश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या समाप्तीला आम्ही पुन्हा रिठदला गेलो. सोयाबीन निघालेले, गावात मळणीयंत्राची धूळ, दिवाळीआधी हातात दोन पैसे येतील या आशेने माणसे जरा सैल झालेली. वंदना झाली, ग्रंथाचे शेवटचे पान वाचले, वाचणाऱ्या मुलीला वही-पेन देऊन तिचा सत्कार झाला. मग पंगत बसली. वरण, वांग्याची भाजी, पोळी आणि खीर.

आमची ती सचिव बाई खीर वाढत होती. कोणाच्या घरचे कोण हे न पाहता भराभर पळीने वाढत चालली होती. घरधन्यांच्या पानाशी आली तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"घ्या ना. वर्सातून एकडाव असते."

"नको."

"काऊन नको?"

शेजारी बसलेल्या एकाने, त्याला वाटले ठाऊक असेल, सांगून टाकले, "त्याहिले साखर हाय ना, वहिनी. पुन्यात असतानीच निघाली होती."

बाई तशीच उभी राहिली. खिरीचे भांडे जड होते, ते तिने खाली ठेवले. चहात साखर कमी टाक हा निरोप दीड वर्ष रोज तिला पोचत होता. तो निरोप नातू आणत होता.

"कवापासून?"

"झाले सहा वर्सं."

"सहा वर्सं."

"तुले कशाले..." एवढे बोलून ते थांबले. पंगतीतले हात थांबले होते. वाढणाऱ्या बायांपैकी एकीने शहाणपणा केला, ते भांडे उचलून ती पुढे वाढत गेली.

बाई तिथेच पंगतीच्या मधे, त्यांच्या पानासमोर खाली बसली. चिडली नव्हती. म्हणाली, "गोया घेता का?"

"घेतो."

"कुठी ठेवल्या? मले घरात दिसल्या नाही."

"मनिऑर्डरीच्या डब्यात. तू तो उघडत नाहीस आता."

आमची एस.टी. यायला अजून वेळ होता. पण आम्ही हात धुतला आणि फाट्याकडे निघालो. मागे वळून पाहिले तेव्हा पंगत उठली होती, झाडलोट सुरू झाली होती, आणि ती दोघे अजून तिथेच बसलेली होती. नातू मधे येऊन काही सांगू पाहत होता, त्याला आजीने हाताने बाजूला केले.